लक्ष्मण उठेपर्यंत

रंगूनला तुम्ही बाहुल्यांच्या खेळाला गेलात, लाकडी राजा घोड्यावर बसून नाचला, आणि तुमची आई मात्र मांडवाच्या दारापर्यंत येऊन परत फिरली, असे तुम्ही लिहिले आहे. का फिरलीस म्हणून विचारले तेव्हा ती म्हणाली, "आजीला विचारा." तेव्हा सांगायला तिची हरकत नाही, असे मी धरते. मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. तुम्हीही क्रमानेच वाचा, पाने उलटून शेवट आधी पाहू नका.

त्या वेळी आम्ही कल्याणात राहत होतो. तुमचे आजोबा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. सकाळच्या गाडीने जात आणि दिवे लागता लागता परत येत. माझे माहेर ठाण्याचे. माझ्या वडिलांनी मिशनमधल्या एका मडमेकडून मला घरीच इंग्रजी शिकवले होते, त्यामुळे लग्नात माझ्या ट्रंकेत लुगड्यांबरोबर घरगुती औषधोपचारांचे एक जाड इंग्रजी पुस्तकही आले. सासरी त्याची थट्टा होई, पण कुणी ते फेकून दिले नाही. मला तेव्हा तीन मुले होती. थोरला सात वर्षांचा, तुमची आई पाच वर्षांची, आणि धाकटा नुकता धरून धरून चालू लागलेला.

भाताची कापणी झाली की कल्याणात हिवताप यायचा. घराघरांत एक तरी अंथरूण दिवसा घातलेले दिसे. त्या वर्षी तो आमच्या धाकट्याला आला. आधी एका दिवसाआड ताप भरे, मग रोज भरू लागला. अंग इतके तापायचे की कपाळावरचे ओले फडके बघता बघता कोरडे होई. दूध पोटात ठरेना. हसरे मूल होते, ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. वैद्यांचा काढा झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी तुमचे आजोबा एका सकाळी जाताना म्हणाले, "आज ठाण्याहून डॉक्टरला घेऊनच येतो. नाही आला तर निदान औषध तरी आणतो."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी सासूबाईंचा नवस फेडायचा होता.

हा नवस काय ते तुम्हाला सांगायला हवे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. पावसाळा सरला की सावंतवाडीकडचे कळसूत्रीवाले मचव्यातून खाडीने वर येत आणि कल्याणच्या देवळांत रामायणाचे खेळ करत. ज्या घरात मूल फार आजारी असेल, त्या घरची माणसे त्यांच्याकडून लक्ष्मणशक्तीचा खेळ मागून घेत. लक्ष्मणाला शक्ती लागते, तो पडतो, मारुती डोंगर उचलून औषध आणतो, लक्ष्मण उठतो. आजारी मुलाच्या आईने आपली बाकीची मुले घेऊन अगदी पुढे बसायचे. तिच्या ओटीत नारळ घालायचा. आणि लक्ष्मण पडल्यापासून तो उठेपर्यंत त्या घरच्या कुणीही जागेवरून उठायचे नाही. उठले तर लक्ष्मण पडलेलाच राहिला, असे मानत. लक्ष्मण पडलेला राहिला म्हणजे काय, ते कुणी मोठ्याने म्हणत नसे.

मी सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही जा ना. मी बाळाजवळ बसते."

"मी कशी जाऊ?" त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मामंजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. "माझ्या ओटीत नारळ कोण घालणार आहे?"

"मग खेळ उद्यावर ढकलू. उद्या घरी कुणीतरी असेल."

"ते लोक उद्या भिवंडीला चाललेत. आणि ताप उद्यापर्यंत थांबतो म्हणाला का गं तुला?"

मी फडकी घडी करून ठेवली, पाण्याचे घंगाळ जवळ सरकवले, आणि आकडी आली तर दातांत चमच्याचा दांडा कसा धरायचा ते दाखवले.

"कळलं हो," सासूबाई म्हणाल्या. "माझीही मुलं वाढली, पुस्तक न वाचता."

मग त्यांनी तुमच्या आईची हनुवटी धरली. "लक्ष्मण उठला ना, की आपलं बाळही उठून बसेल हो. नीट लक्ष ठेव त्याच्यावर."

"आणि नाही उठला तर?"

"उठतो तो. नेहमी उठतो."

मी निघताना बाळाच्या पायाला हात लावून पाहिला. पाय गार होते आणि डोके तव्यासारखे तापले होते. पुस्तकात हे चांगले लक्षण म्हणून दिले नव्हते.

देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना काळे घोंगडे बांधले होते. त्याच्या वरच्या काठामागे कळसूत्रीवाले उभे होते, आणि काठाखाली सोडलेल्या पांढऱ्या कापडापुढे हातभर उंचीच्या बाहुल्या दोऱ्यांवर लोंबत होत्या. दोन्ही बाजूंना समया. बाहेर लख्ख ऊन असले तरी आत गार अंधार होता. बायका, मुले, म्हातारी माणसे दाटीने बसली होती. नवसाचा असला तरी खेळ तो खेळच, आणि आळीतली मुले खाऊ घेऊन आली होती.

आम्हाला सर्वांत पुढे बसवले. माझ्या ओटीत नारळ आला. माझ्या उजव्या अंगाला आमच्या समोर राहणाऱ्या काकू बसल्या. देवळातल्या रीतिभातींचा शेवटचा शब्द त्यांचा असे. मागच्या ओळीत आमच्या मागच्या आळीतली एक तरुण मुलगी मांडीवर तान्हा मुलगा घेऊन बसली होती. नवरा रेल्वेत, इगतपुरीकडे. घरी ती आणि मूल दोघेच. तिचे मूल माझ्या वेणीतले फूल सारखे ओढायचे आणि ती सारखी म्हणायची, "माफ करा हं, याला काही कळत नाही."

गणपती आला, नाचून गेला. मोरावर सरस्वती आली. हुडुक घुमत होता, टाळ वाजत होते. थोरला मला सगळे समजावून सांगत होता. "आई, ती तलवार पत्र्याची आहे. आणि रामाचं तोंड हलतच नाही. मागचा माणूस बोलतो."

"गप रे," तुमची आई त्याला म्हणाली. "रामच बोलतोय."

तिचे डोळे लक्ष्मणावर होते. पिवळे पितांबर, एका बाजूला थोडा उडालेला रंग. तो उजवीकडे गेला की तिची मान उजवीकडे जाई. शेवटी रावणाच्या मुलाने शक्ती फेकली, एक लाल फडके झर्रकन आले, आणि लक्ष्मण पाठीवर पडला. बायकांनी "अगं बाई" केले. रामाने विलाप सुरू केला.

माझा लक्ष्मण घरी पडला होता. मी मनातल्या मनात वेळ मोजू लागले. राम किती रडेल, मारुती किती वेळात येईल. मला वाटले होते, तो उडेल, डोंगर आणेल आणि आम्ही घरी जाऊ. पण मागचा माणूस चांगला कथेकरी होता आणि ऐकणारे खूश होते. मारुतीला वाटेत एक खोटा साधू भेटला. त्याने मारुतीला जेवायला बसवले. मग तळ्यात मगर निघाली. मगरीची अप्सरा झाली. मुले टाळ्या पिटत होती. लक्ष्मण आपला पडलेला.

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझाही मारुती गेलाय ना ठाण्याला? त्याला वाटेत कुणी साधू न भेटो म्हणजे झालं!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. हसताना ओटीतला नारळ हलला आणि मी तो घट्ट धरला.

तेवढ्यात मंडपाच्या दाराशी आमची मोलकरीण उभी दिसली. धापा टाकत होती. ती पुढे येऊ शकेना एवढी गर्दी होती. तिने शेवटच्या ओळीतल्या बाईला काही सांगितले, तिने पुढचीला, आणि तो निरोप एकेका तोंडातून पुढे येऊ लागला. मला ओठ हलताना दिसत होते, शब्द अजून आले नव्हते. मागच्या ओळीतल्या त्या तरुण मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात सांगितले, "बाळानं डोळे फिरवले म्हणे."

मी उठायला लागले. काकूंनी माझा पदर मुठीत धरला.

"उठू नकोस. लक्ष्मण पडलाय. आता उठलीस तर सगळं पाण्यात."

"काकू, त्याला आकडी आली असेल. त्यांना चमचा..."

"तुझ्या सासूनं हे काय पहिल्यांदा पाहिलंय? तू इथे बसलीस तरच त्याचा उपयोग. बस."

मी बसले. माझ्या डोळ्यांपुढे त्या पुस्तकातले डाव्या हाताचे पान उभे होते. मूल कुशीवर ठेवा, गळ्याभोवतीचे सैल करा, खोलीत वारा येऊ द्या. सासूबाई वारा लागेल म्हणून खिडकी कधी उघडत नसत. मला सगळे ठाऊक होते आणि मी नारळ धरून एका लाकडी माकडाकडे बघत बसले होते.

तुमच्या आईने निरोप ऐकला होता. ती माझा दंड हलवू लागली. "आई, लक्ष्मण कधी उठणार?"

"आत्ता."

"मारुती किती लांब आहे?"

थोरला म्हणाला, "अजून भरत यायचाय. भरत त्याला बाण मारून खाली पाडतो, मग..."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी काय केले असते, कुणास ठाऊक. माझे दोन्ही हात नारळावर होते. ती उठली, समईला वळसा घालून सरळ पुढे गेली, वाकली आणि लक्ष्मणाच्या बगलांत हात घालून त्याला उभा केला. आमच्या बाळाला उचलायची, अगदी तसा.

"उठला!" ती वळून ओरडली. "आई, उठला! चल घरी!"

दोरे गुंतले. राम तोंडावर आपटला, त्याच्याबरोबर दोन वानर पडले. घोंगड्यावरून एक घामेजलेले डोके बाहेर आले.

"गो बाय, सोड गो तेका! अजून औषद येवक नाय!"

मुले खदाखदा हसू लागली. बायका एकदम बोलू लागल्या. हुडुक थांबला. तुमची आई लक्ष्मणाला सोडीना. दोऱ्या ओढल्या की त्याचे हात वर जात आणि तिला वाटे तो खरेच उठतो आहे. ती त्याला आणखी घट्ट धरी. शेवटी मी बसल्या जागेवरून हात पुढे करून तिला परकराला धरून मागे ओढले.

आता याचा अर्थ काय, यावर वाद पडला. लक्ष्मण उठला की नाही?

"पोरीचा हात म्हणजे देवाचाच हात," मागच्या ओळीतली ती तरुण मुलगी म्हणाली. मोठ्या बायकांत बोलताना तिचा आवाज कापत होता. "तिनं उठवला तो उठलाच की. त्यांना घरी जाऊ द्या ना. लेकराला बरं नाहीये त्यांच्या."

"औषधाशिवाय उठलेला लक्ष्मण काय कामाचा?" काकू म्हणाल्या. "आणि ती पोर त्याच घरची. ती जागेवरून उठली, ते वेगळंच."

"मग खेळ मोडला म्हणायचा?"

"मोडू कसा द्यायचा? शक्तीपासून पुन्हा करायचा."

घोंगड्यामागचा माणूस म्हणाला की तुम्ही सांगाल तसे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून गेले असते तर मला कुणी बांधून ठेवले नसते, हे मला तेव्हाही कळत होते. पण मी गेले आणि घरी वाईट झाले, तर सासूबाई जन्मभर काय म्हणतील ते मला तिथेच ऐकू येत होते. आणि मी स्वतःला काय म्हणेन, तेही. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, ती मोडायचे बळ माझ्यात नव्हते.

"करा," मी म्हणाले.

पुन्हा लाल फडके आले. पुन्हा लक्ष्मण पडला. तुमच्या आईला मी मांडीवर दोन्ही हातांनी आवळून धरले होते. तो पडला तेव्हा तिचे सगळे अंग दचकले. "मी उठवला होता ना गं त्याला," ती म्हणत राहिली. "का पाडला पुन्हा?" त्या माणसाला आमची दया आली असावी. या वेळी मारुती गेला आणि आला. साधू नाही, मगर नाही, भरत नाही. मागून कुणी मुलगा ओरडला, "भरत कुठे गेला?" पण डोंगर आला, पाला लक्ष्मणाच्या नाकाशी लावला, आणि तो उठून उभा राहिला. गुरवाने नारळ फोडला. मी मुलांचे हात धरून गर्दीतून वाट काढली. थोरल्याची चप्पल तिथेच राहिली.

घरी आले तर दार उघडे आणि आत काही आवाज नाही. मी तशीच ओसरीवरून माजघरात गेले.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपले होते. अंगावरचे झबले घामाने चिंब भिजलेले. मी कपाळाला हात लावला, कपाळ गार होते. त्याने डोळे उघडले, मला पाहिले, आणि पाण्याच्या भांड्याकडे हात केला.

हिवताप असाच घाम येऊन उतरतो. हे मला ठाऊक होते आणि आता तुम्हालाही ठाऊक असावे म्हणून लिहिते. पण मोलकरीण दारात उभी राहून दुसरीच हकिगत सांगत होती. तिने मंडपाच्या दारातून मुलीला लक्ष्मण उचलताना पाहिले होते. ते सांगायला ती धावत घरी आली, तर बाळाला घाम सुटलेला आणि ते पाणी मागते आहे. दुसरा खेळ तर तेव्हा सुरूही झाला नव्हता.

सासूबाईंनी तुमच्या आईला जवळ ओढले आणि तिचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "हिच्या हाताला गुण आहे," त्या म्हणाल्या. त्या सहसा रडत नसत. त्या दिवशी रडल्या.

दिवे लागल्यावर तुमचे आजोबा आले. डॉक्टर आला नव्हता, त्याने हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या दिल्या होत्या. सगळी कथा ऐकून ते हसले आणि मुलीला म्हणाले, "मग आता मी कशाला ठाण्याला हेलपाटे घालू? डॉक्टर घरातच आहे." ती लाजली आणि फार खूश झाली. कोयनेल आम्ही नेमाने दिले, ताप पुन्हा आला नाही, आणि तो मुलगा म्हणजे दर दिवाळीला तुम्हाला आगबोटीने पार्सल पाठवतो तो तुमचा मामा.

गोष्ट इथे संपली असती, तर तुमची आई आज मांडवात तुमच्याबरोबर बसली असती.

मोलकरीण चार घरी काम करत होती. आठवडाभरात सगळ्या आळीला कळले. रस्त्याने जाताना म्हाताऱ्या बायका तुमच्या आईला थांबवून तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून घेत. मी सासूबाईंना म्हणाले, हे बंद करायला हवे. त्या म्हणाल्या, "कुणाचं काय जातंय?" तुमचे आजोबा म्हणाले, चार दिवसांत विसरतील.

मग एका दुपारी मागच्या आळीतली ती तरुण मुलगी दारात आली. केस विंचरलेले नव्हते, आणि पायांत काही नव्हते.

"ताई, तुमच्या लेकीला जरा पाठवता का?"

तिच्या मुलाला ताप होता. दोन दिवस डोळे उघडत नव्हता. मी तिला आत बसवले, पाणी दिले, आणि सगळे क्रमाने सांगितले. कोयनेलच्या पुड्या उरल्या होत्या, त्या तिच्या हातात दिल्या. किती द्यायचे, कसे द्यायचे, फडके कसे ठेवायचे, खिडकी उघडी ठेव, नवऱ्याला तार कर. ती मान हलवत होती. पुड्या तिने पदराला बांधल्या.

"हे देते मी," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते सगळं करते. पण तिला पाठवा."

"अगं, ते पुड्यांनी बरं होतं. आमचं बाळही..."

"पुड्या तर दिवे लागल्यावर आल्या होत्या ना, ताई? घाम त्याआधी आला होता."

हे खरे होते. तिने आळीतल्या प्रत्येक बाईकडून ऐकून वेळेचा मेळ घातला होता.

"लहान आहे गं ती," मी म्हणाले. "तिला काही कळत नाही. आणि तापाच्या घरात..."

"मी तुमच्या बाजूनं बोलले होते त्या दिवशी." ती एवढेच म्हणाली. टोचून बोलली असती, तर मी नाही म्हणू शकले असते. पण ती विनवणीच्याच आवाजात बोलली, आणि म्हणून झाल्यावर शरमली. तिचे हात पदराच्या गाठीशी चाळा करत होते. मी काही दिवसांपूर्वी नारळ धरला होता तसेच ते हात होते. तिला मी काय सांगणार होते? की असे काही नसते? मी स्वतः दोन खेळ बसून पाहिले होते.

तुमची आई दारामागून ऐकत होती. ती पुढे आली आणि तिने आपणहून त्या मुलीचा हात धरला. "चला," ती म्हणाली. "मला येतं."

मीही मागोमाग गेले. एकच खोली होती. मूल गोधडीवर पडले होते, श्वास भराभर चालत होता, आणि खोलीत चार-पाच बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. तुमची आई वाकली. बगलांत हात घालून तिने त्याला उचलले, बसते केले, आणि त्याची मान पडू नये म्हणून हनुवटी खांद्यावर घेतली. त्याने डोळे उघडले. बायकांच्या तोंडून एकदम "आई गं" निघाले. त्याच्या आईने वाटीतले पाणी त्याच्या ओठाला लावले, तो दोन घोट प्यायला. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरले. आम्ही घरी आलो. येताना तुमची आई उड्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी चिरत होते तेव्हा मागच्या आळीतून रडण्याचा आवाज आला. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली. पण त्याआधी तुमच्या आईने ऐकले होते.

"बाळ उठलं नाही का गं?" तिने विचारले.

"नाही."

"मी नीट उचललं नाही?"

मी विळी बाजूला ठेवली. तिला समोर बसवले. ताप कशाने येतो, लहान जीव का टिकत नाही, हाताने कुणी बरे होत नाही, बाहुली उभी राहते ती दोरीने. मला जे जे ठाऊक होते ते मी सोप्या शब्दांत, एकामागून एक सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले. ती फार समजूतदार मूल होती.

मग ती म्हणाली, "मग आपलं बाळ कसं उठलं?"

मी सांगितले की तो त्याचा त्याचा उठला. तिला ते पटले नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळत होते की तिच्या दृष्टीने दोनच गोष्टी होत्या: एकदा जमले, एकदा चुकले.

आळीत कुणी तिला बोल लावला नाही. उलट मागच्या आळीतल्या त्या मुलीने, स्वतःचा घास गळ्याखाली उतरत नव्हता तेव्हा, आमच्या घरी निरोप धाडला: पोरीला काही बोलू नका, तिच्या हातांनी त्यानं डोळे तरी उघडले, मला पाहिलं. पुढे ती इगतपुरीला नवऱ्याकडे निघाली त्या दिवशी निरोप घ्यायला आली. तुमच्या आईला तिने पोटाशी धरले. तुमची आई हात पाठीमागे बांधून ताठ उभी राहिली. ते हात तिने सुटू दिले नाहीत.

त्यानंतर कितीतरी महिने ती धाकट्या भावाला उचलायची नाही. तो पडला, रडला, तरी लांबून "उठ, उठ" म्हणायची. मी तिला रागावले नाही, समजूतही घालून झाली, शेवटी वाट बघत राहिले. पुढच्या वर्षी कळसूत्रीवाले आले तेव्हा दोघे भाऊ गेले. ती घरी थांबली आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडत बसली. देवळातून हुडुक ऐकू आला की तिची बोटे थांबत, आणि थांबला की पुन्हा चालू होत.

पुढे ती मोठी झाली, शिकली, माझ्यापेक्षा जास्त पुस्तके वाचली, आणि हिवताप डासाने होतो हे तिनेच मला एकदा रंगूनहून लिहून कळवले. तुम्हाला तिने जन्म दिला, तुम्ही आजारी पडलात तेव्हा रात्रंदिवस तुमच्या उशाशी बसली. तेव्हा ती भित्री आहे असे समजू नका.

तुम्ही खेळाला जरूर जा. ती दारापर्यंत येईल, तिथून फिरेल, तर तिचा हात ओढू नका. घरी आल्यावर राजाचा अंगरखा कसा होता, घोडा कसा नाचला, विदूषक काय बोलला, ते सगळे तिला सांगा. तिला ऐकायला आवडते. खेळात कोण पडले आणि पुन्हा कोण उठले, ते मात्र तिने विचारले तरच सांगा.